वीज तीच, बिल निराळे

भिलाईच्या सेक्टर 2 मधील क्वार्टरात उमेदीची वर्षे घालवून एखादे कुटुंब निवृत्तीनंतर वसाहतीबाहेर स्वतःच्या घरात राहावयास गेले, अशी कल्पना करा. पंखे तेच, फ्रिज तोच, माणसेही तीच. परंतु विजेचे पहिले बिल हाती पडते आणि नव्या घराच्या आनंदावर विरजण पडते. मीटरच बिघडले असावे, असे गृहस्थांना वाटते. गृहिणी मुलांना दिवे मालवण्याची ताकीद देते. पुष्कळदा दोष मीटरचा नसतो आणि मुलांचाही नसतो. वीज देणारा बदललेला असतो. पोलाद कारखान्याच्या वसाहतीस अनेक वर्षे कारखान्याच्याच नगर-विद्युत विभागाने वीज पुरविली. वसाहतीबाहेर राज्याच्या वीज कंपनीचा कारभार. दोहोंचे दर वेगवेगळ्या आदेशांनी ठरत आले.

भिलाईच्या या कुटुंबाला पुरवठादार बदलणे भाग पडले. मुंबईच्या उपनगरांत मात्र लाखो ग्राहकांनी तो आपखुशीने बदलला. 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने टाटा पॉवर कंपनीचा घरोघरी वीज विकण्याचा हक्क मान्य केला आणि ऑक्टोबर 2009 मध्ये महाराष्ट्राच्या वीज नियामक आयोगाने रिलायन्सच्या ग्राहकांना, जुन्याच तारांवरून, टाटांची वीज घेण्याची मुभा दिली. टाटांचा दर कमी होता. परंतु तारा रिलायन्सच्या असल्याने त्यांचे वहनशुल्क द्यावेच लागे. पुढे 2011 साली आयोगाने पुरवठादार बदलणाऱ्यांवर क्रॉस-सबसिडी अधिभारही बसविला. मोठे ग्राहक अधिक दर देतात, म्हणून लहानांना वीज स्वस्त पडते. मोठे निघून गेले तर तो भार मागे राहिलेल्यांवर पडतो, हे त्यामागील कारण. त्यात अन्याय नव्हता. मात्र ज्यांनी केवळ विजेचा दर पाहून हिशेब मांडला होता, त्यांचा हिशेब चुकला.

ही चूक कशी होते, ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. जुना पुरवठादार सर्व आकार धरून युनिटला साडेपाच रुपये घेतो. 300 युनिटांचे 1,650 रुपये झाले. नवा चार रुपयांत वीज देतो. म्हणजे 1,200 रुपये. आपण 450 रुपये वाचल्याच्या समाधानात असतो. पण वहनशुल्क 300, स्थिर आकार 100 आणि अधिभार 150 मिळविताच बेरीज 1,750 होते. वाचले काहीच नाही. वर शंभर रुपये गेले!

म्हणून, वाचकहो, बदलाचा विचार करताना दोन्हीकडची संपूर्ण बिले शेजारी ठेवा. पहिले बिल किती दिवसांचे आहे, तेही पाहा. चाळीस दिवसांचे बिल तीस दिवसांच्या बिलाशी ताडून उपयोग नाही. युनिटे वाढली की पुढील टप्प्याचा चढा दर लागतो, हेही ध्यानी असू द्या. मीटरवरील आकडा स्वतः टिपून ठेवण्याची सवय तर प्रत्येक घरात हवी.

इतके करूनही बिल चुकीचे वाटले, तर रागाच्या भरात पैसे भरणे थांबवू नका. 2003 च्या वीज कायद्याच्या 56 व्या कलमानुसार, मागितलेली रक्कम किंवा गेल्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. तक्रारीसाठी प्रत्येक वितरकाकडे ग्राहक गाऱ्हाणे मंच असतो आणि त्याच्यावर विद्युत लोकपाल.

किराण्याच्या यादीतील प्रत्येक ओळ आपण वाणसामान घरी येताच तपासतो. विजेच्या बिलालाही तेवढाच मान द्या. तळाची रक्कम पाहून धास्तावण्यापेक्षा वरच्या ओळी वाचणे केव्हाही हिताचे.