हातपाय काडी, पोट पुढं
उतारवयातलं शरीर : लेखांक सातवा

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातल्या वालूरला पारावर बसलेल्या सत्तरीच्या माणसाला ‘तुमच्या अंगात चरबी वाढलीय’ म्हणा, तो आधी दंड पुढे करील. दंड खरोखरच वाळलेला असतो. काट्यावरचं वजनही वर्षानुवर्षं तेवढंच. सदऱ्याखाली पोट मात्र सुटलेलं, आणि रक्त तपासलं की ट्रायग्लिसराईड, म्हणजे रक्तातली चरबी, वाढलेलं. गेल्या आठवड्यात आपण कोलेस्टेरॉल पाहिलं. आज पोट आणि ट्रायग्लिसराईड ही जोडी.

वय वाढतं तसे स्नायू झिजतात आणि चरबी वाढते, तीही आतड्यांभोवती जास्त. काट्याला यातलं काहीच कळत नाही, कारण बेरीज तीच राहते. ही आतली चरबी आपली स्निग्धाम्लं यकृताकडे सोडते. वरून गोड आणि पिठाचं खाणं गरजेपेक्षा जास्त झालं, तर यकृत त्याचंही ट्रायग्लिसराईड करून रक्तात पाठवतं. ते उचलून जाळायचं काम बरंचसं स्नायूंचं, आणि दिवसभर बसून असलेला स्नायू ते फारसं उचलत नाही. म्हणून वाढलेलं पोट आणि वाढलेलं ट्रायग्लिसराईड बहुधा हातात हात घालून येतात. क्वेबेकच्या संशोधकांनी 2000 मध्ये हीच जोडी हृदयविकाराचा धोका ओळखायची सोपी खूण म्हणून मांडली.

आपल्याकडे याचं मूळ आणखी खोल आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के! याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गर्भवती बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. ती बाळं इंग्लंडच्या बाळांपेक्षा बरीच हलकी होती, पण तूट पडली होती ती मुख्यतः स्नायूंत. चरबी त्या मानाने टिकून होती. सेलू तालुक्यातल्या आजच्या म्हाताऱ्यांचं जन्मवजन कुणी लिहून ठेवलेलं नाही. पण 1972 च्या दुष्काळात मिलो ज्वारी खाऊन, खडी फोडून ही पिढी वाढली. तिच्या अंगावर मुळातच मांस कमी असणार, असं मला वाटतं.

मग काम सुटलं. औत गेलं, ट्रॅक्टर आला. मोटेच्या जागी मोटारीचं बटण आलं. वालूरच्या जुन्या बारवेतलं पाणी कधीकाळी पायऱ्या चढूनच वर यायचं. आता नळाला येतं. जात्यावरचा बायांचा हात थांबला. हे कष्ट जायलाच हवे होते, त्याबद्दल हळहळायचं कारण नाही. पण वखरामागे चालणाऱ्या गड्याच्या तीन भाकरी पारावर बसणाऱ्याच्या ताटातही तीनच राहिल्या, शिवाय रेशनचा भात आला. परभणी म्हणजे ज्वारीचा मुलूख. ‘परभणी मोती’, ‘परभणी शक्ती’ ही वाणं इथल्याच कृषी विद्यापीठाची. ज्वारी गुणाचीच, तरी भाकरी हेही पीठच. दीड भाकरी, घट्ट वरण किंवा उसळ, पालेभाजी, ताक, एवढं घरात असतंच. म्हाताऱ्यांच्या ताटात वरण पातळ होत जातं, हे मला सगळ्यात जास्त खटकतं. झिजणाऱ्या स्नायूला डाळ हवी असते.

आणि चहा. कपात दोन चमचे साखर धरली तर पाच कपांत चाळीस-पन्नास ग्रॅम साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला शक्यतो साधारण पंचवीस ग्रॅमच्या आत राहा म्हणते.

पोटाचा घेर मोजायला शिंप्याची टेप पुरते. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, अंगाला लागून, सहज श्वास सोडल्यावर मोजायचं. पोट आत ओढायचं नाही. पुरुषांना 90 सेंटिमीटर आणि बायकांना 80, ही आपल्याकडची मर्यादा. तिशीपुढच्या प्रत्येकासाठी आशाताई जो तपासणीचा फॉर्म भरतात, त्यात कमरेचा घेर विचारलेला असतोच. लाजून ‘लिहा अंदाजे’ म्हणू नका.

रक्त दहा-बारा तास उपाशीपोटी द्यावं. ट्रायग्लिसराईड 150 च्या आत असलेलं बरं. 500 च्या पुढे गेलं तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, तेव्हा लगेच डॉक्टर गाठावा. दारू, आटोक्यात नसलेली साखर, मंदावलेलं थायरॉईड, स्टेरॉईडसारखी औषधं यांनीही आकडा चढतो, तेव्हा सगळा दोष ताटावर टाकू नये.

जेवण झाल्यावर लगेच आडवं न होता दहा-पंधरा मिनिटं चालावं. गुडघे धरले असतील तर खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, बसायचं. सुरुवातीला पाच वेळा, मग झेपेल तसं वाढवत. तोल जात असेल तर भिंतीजवळ, घरातलं कुणी शेजारी उभं असताना.

पुढच्या लेखांकात : एकादशीचा साबुदाणा, भगर आणि मधुमेहाची गोळी.