अर्जावर नाव कोणाचं?

आज विश्वकर्मा योजनेबद्दल बोलायचं आहे. मागच्या बैठकीत दोन-तीन गटांतून एकच प्रश्न आला, "ताई, त्यात पंधरा हजार मिळतात म्हणतात, खरं का?" खरं आहे, मिळतात. पण त्या पंधरा हजारांपेक्षा मोठं असं काही त्या योजनेत आहे आणि तेच आपल्या बायांच्या हातून निसटतं. ते का निसटतं, ते सांगते.

आधी योजना काय आहे ते पाहू. प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला, विश्वकर्मा जयंतीच्या दिवशी सुरू झाली. वर्षभराने, २० सप्टेंबर २०२४ ला, तिचा देशपातळीवरचा कार्यक्रम आपल्या शेजारी वर्ध्याला झाला, तेव्हा आपल्यापैकी बऱ्याच जणींनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं असेल. हाताने आणि अवजाराने काम करणाऱ्या १८ प्रकारच्या कारागिरांसाठी ती आहे. आपल्या चौरास भागात पाहायचं तर सुतार, लोहार, कुंभार, गवंडी, शिंपी, मूर्ती घडवणारे, टोपल्या-चटया-झाडू करणारे, हार करणारे, वैनगंगेच्या काठची जाळी विणणारी माणसं, हे सगळे त्यात बसतात. बाहुल्या आणि खेळणी करणारेही बसतात. तान्ह्या पोळ्याला लेकरांच्या हातात लाकडी नंदी देणाऱ्या सुताराला कोणी कलावंत म्हणत नाही, पण मला विचाराल तर तो कलावंतच आहे.

मोबाईलवर एक मेसेज फिरतो, "सर्व महिलांना मोफत शिलाई मशीन". तो याच योजनेचा विपर्यास आहे. शिंपीकाम करून पोट भरणाऱ्यांसाठी ही योजना आहे, मशीन हवी असणाऱ्या प्रत्येकीसाठी नाही.

आता मिळतं काय ते सांगते. नोंदणी मंजूर झाली की प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळतं. मग पाच ते सात दिवसांचं, म्हणजे ४० तासांचं प्राथमिक प्रशिक्षण असतं. त्या दिवसांचे रोज ५०० रुपये विद्यावेतन मिळतं. अवजारांसाठी १५,००० रुपये मिळतात, पण ते रोख हातात येत नाहीत. ते ई-व्हाउचरने येतात आणि त्यातून अवजारंच घ्यायची असतात. त्यानंतर तारण न ठेवता एक लाखापर्यंत कर्ज मिळू शकतं. व्याज ५ टक्के, फेड १८ महिन्यांत. ते नीट फेडलं तर पुढे दोन लाखांपर्यंत, ३० महिन्यांसाठी.

इथे एक अट आहे आणि आजचं माझं सगळं बोलणं तिच्यावरच आहे. एका कुटुंबातून एकच नाव घेतलं जातं. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं.

बुरडकाम करणाऱ्या घराचंच उदाहरण घ्या. बांबू आणतो तो, फोडतो तो. पण बेळं सोलायची, विणायची, काठ बांधायचा, हे काम दोघांचं असतं. कित्येक घरांत विणणं तिचंच असतं. बाजारात पोत्यावर सुपं मांडून दिवसभर बसते तीही बाईच. आणि अर्ज भरायची वेळ आली की सेतू केंद्रात जातो तो. अर्ज त्याच्या आधारवर, त्याच्या अंगठ्यावर होतो. घरात दोन कारागीर असतात, कागदावर एकच राहतो. एकदा तसं झालं की "नाव त्याचं असू द्या, प्रशिक्षणाला मी जाते" असं चालत नाही. ओळखपत्र त्याचं, प्रशिक्षण त्याचं, कर्जाचं खातं त्याचं.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. नवरा सुतार आहे आणि तुमचा त्या कामात हात नाही, तर नाव त्याचंच द्या, त्यात वाद नाही. पण काम दोघांचं असेल आणि विक्री तुमच्या हातात असेल, तर नाव तुमचं असावं. मी हे मान-अपमानासाठी म्हणत नाही. या प्रशिक्षणात हातकामासोबत हिशेब, बँकेचा व्यवहार, मोबाईलवरचे पैसे आणि मालाची विक्री हेही शिकवायचं असतं. जी विकते, तिलाच हे शिकून उपयोग आहे. शिवाय तुम्ही गटात आहात. बचत लिहिणं, पासबुक भरून आणणं, हप्ता ठरवणं तुम्हाला आधीच येतं. ज्या घरात कमावणारी एकटी बाई आहे, तिथे तर प्रश्नच नाही, पण अशा बायाच "आपल्याला कोण विचारतं" म्हणून मागे राहतात. त्यांच्याकडे गटाने स्वतः जायला हवं.

"सात दिवस मी गेले तर घरचं कोण पाहील?" हा पुढचा प्रश्न. त्याचं अर्धं उत्तर त्या ५०० रुपयांत आहे. २०२५-२६ या वर्षात आपल्या राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे शिकायला जाऊन मजुरी बुडाली असं घरात कोणी म्हणायला नको. राहिलेलं अर्धं उत्तर सासूबाईंशी, जावेशी बोलून काढावं लागतं, ते मी रेडिओवरून काढू शकत नाही.

आता हिशेबाकडे येऊ. आपल्याकडे कारागीर बाईला "सुपाला खर्च किती?" असं विचारलं तर ती बांबूचे पैसे सांगते. स्वतःची मजुरी ती धरतच नाही, कारण ती कोणाला मोजून द्यावी लागत नाही. समजा, नवरा-बायको दिवसभर बसून पाच सुपं करतात. दोन बांबूंचे १६० रुपये, बाकी सामान आणि बाजाराचं भाडं मिळून ४० रुपये. खर्च झाला २००. सूप १०० ला विकलं तर आले ५००. वर राहिले ३००. ऐकायला बरं वाटतं. पण ते दोघांचे आहेत, म्हणजे माणशी १५०. रोवणीला १५० रुपये रोजाने बोलावलं तर तुम्ही जाल का?

हे आकडे मी समजण्यासाठी धरले आहेत. तुमच्या गावात बांबूचा भाव वेगळा असेल, तुमचा हात जास्त चालत असेल. तुमचे आकडे घालून पाहा. याच उदाहरणात दोघांची मजुरी ३१२ प्रमाणे धरली तर ६२४, त्यात खर्चाचे २०० मिळवले की ८२४. पाच सुपांत भागले तर एक सूप जवळपास १६५ रुपयांना पडतं.

यावर एक मावशी मला म्हणाल्या, "बाई, १६५ ला सूप घेईल कोण? शेजारी प्लास्टिकचं टांगलेलं आहे." त्यांचं खरं आहे. भाव कळला म्हणून तो मिळतोच असं नाही, आणि प्रशिक्षण घेतलं की गिऱ्हाईक दारात येईल असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मग भाव काढायचा कशाला? कोणत्या वस्तूत आपण स्वतःची मजुरी फुकट देतो आणि कोणत्या वस्तूत ती सुटते, हे कळावं म्हणून. धान उफणायचं सूप शेतकरी घेतो, तो भाव पाडूनच मागणार. लग्नाचं सूप, रंगवलेली परडी, देवघरातली फुलांची टोपली, यांचं गिऱ्हाईक वेगळं असतं आणि ते रुपया-रुपयासाठी घासाघीस करत नाही. सूप बंद करू नका, धानाच्या हंगामात ते हुकमी विकतं. पण वर्षभर फक्त सूपच करत असाल तर वहीत लिहून पाहा की कोणत्या महिन्यात किती उरलं.

खर्चाची बाजूही हलवता येते. पाच घरांनी मिळून बांबू आणला तर गाडीभाडं वाटलं जातं. नोंदणी असलेल्या बुरड कामगारांना वन विभागाकडून सवलतीत बांबू मिळतो, त्यासाठी घरात कार्ड असेल तर ते शोधून ठेवा. नव्या वस्तू शिकायच्या असतील तर चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. एकटीने जायला अवघड वाटत असेल तर ग्रामसंघातून तीन-चार जणींनी मिळून चौकशी करा.

आणखी एक गोष्ट झाडीपट्टीच्या नाटकांकडून शिकण्यासारखी आहे. दिवाळीनंतर मंडई सुरू झाली की आपण रात्र-रात्र नाटकं पाहतो. वडशाच्या कंपन्या गावांचं बुकिंग आधी घेतात, तारीख पक्की करतात, कलाकाराचे एका रात्रीचे पैसे ठरलेले असतात. तिथे कोणी "तुम्हाला काय द्यायचं ते द्या" म्हणत नाही. आपल्याकडे मात्र लग्नघरासाठी पन्नास परड्या सांगून जातात आणि बाई स्वतःच्या पैशाने बांबू आणून बसते. बयाना मागा. तारीख, नग आणि भाव एका चिठ्ठीवर लिहून सही घ्या. ओळखीच्या माणसाकडून तर घ्याच, कारण पैसे अडकतात ते बहुतेक ओळखीतच.

नाटकाचा विषय निघाला म्हणून सांगते. दंडार, खडी गंमत, नाटक करणारे कलाकार विश्वकर्मा योजनेत येत नाहीत. मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावचं कोसा विणणारेही त्या १८ मध्ये नाहीत, विणकरांच्या योजना वेगळ्या आहेत. उतारवयातल्या लोककलावंतांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची मानधन योजना आहे, त्यात महिन्याला ५,००० रुपये मिळतात. गावात जुने दंडारवाले, भजनी कलावंत असतील तर त्यांच्या कानावर घाला.

कर्जाबद्दल थोडं सांगते, कारण पंधरा हजारांनंतर सगळ्यांचं लक्ष तिकडेच जातं. पाच टक्के वर्षाला म्हणजे खरोखर स्वस्त. एक लाख १८ महिन्यांत फेडले तर व्याज सुमारे ४,००० रुपये होतं. हेच पैसे गटातून शेकडा दोन रुपये महिना दराने घेतले तर तेवढ्याच मुदतीत जवळजवळ २०,००० व्याज जातं. पण हप्ता पाहा, महिन्याला साधारण ५,८०० रुपये. रोवणीच्या महिन्यात हातात चिखल असतो, तेव्हा विणकाम थांबतं, हप्ता थांबत नाही. आणि "एक लाखापर्यंत" या शब्दातला "पर्यंत" ऐका. तीस हजारांचं काम असेल तर तीसच मागा. धंद्याच्या नावाने उचललेलं कर्ज घराच्या छपराला लागलं तर हप्ता मजुरीतून भरावा लागतो, हे आपण गटांत पाहिलेलं आहे.

मोबाईलवरून पैसे घेतले तर दर व्यवहाराला एक रुपया, महिन्याला जास्तीत जास्त १०० रुपये मिळतात. रक्कम पाहून हसू येतं. पण दुसऱ्या कर्जाच्या वेळी असे व्यवहार किंवा पुढचं प्रशिक्षण झालेलं पाहिलं जातं, म्हणून ते कामाचे आहेत. बाजारात बसणार तुम्ही आणि टोपलीवर चिकटवलेला कोड नवऱ्याच्या खात्याचा, असं असेल तर दिवसभराची कमाई संध्याकाळी त्यालाच विचारावी लागेल. नावाचा प्रश्न इथेही येतोच.

अर्ज कसा करायचा? सेतू केंद्रात, म्हणजे सामान्य सेवा केंद्रात. नोंदणीचे पैसे लागत नाहीत. कोणी "पाचशे द्या, लवकर मंजूर करून देतो" म्हणाला तर देऊ नका. आपल्या व्यवसायाची नोंदणी सध्या सुरू आहे का, हे जाण्याआधी फोन करून विचारा, म्हणजे खेप वाया जाणार नाही. जाताना आधार कार्ड, आधारला जोडलेला मोबाईल, बँकेचं पासबुक आणि रेशनकार्ड न्या. वय १८ पूर्ण हवं. घरात कोणी सरकारी नोकरीत असेल तर अर्ज चालत नाही. गेल्या पाच वर्षांत स्वयंरोजगाराच्या अशाच सरकारी योजनेचं कर्ज घेतलं असेल तरी अडतं, मात्र मुद्रा किंवा स्वनिधीचं कर्ज पूर्ण फेडलेलं असेल तर चालतं.

अर्ज झाल्यावर पहिली तपासणी ग्रामपंचायतीत होते, मग जिल्ह्याला, मग त्याच्या वर. ग्रामपंचायतीत तो अडकून पडू नये म्हणून सरपंच आणि ग्रामसेवकांना गटातल्या दोघी-तिघींनी मिळून भेटा. गावातली कोण बाई काय काम करते, हे त्यांना कागदावरून नाही, तुमच्या तोंडून कळलं पाहिजे.

पुढच्या मासिक बैठकीत आपण गावातल्या कारागीर बायांची यादी करू. नाव, काम, महिन्याला साधारण किती माल होतो आणि कुठे विकतो, एवढंच लिहून आणा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं शेजारणीने लिहावं. ज्यांच्या घरातून आधीच नवऱ्याच्या नावाने अर्ज गेला आहे, त्यांचीही नावं यादीत घ्या. त्यांच्यासाठी भंडाऱ्याच्या आरसेटीच्या प्रशिक्षणाची चौकशी करू. तिथे शिकणं, राहणं, जेवण सगळं मोफत असतं.