आमची तलावाकाठची शाळा

मुलांना शाळेत न पाठवता घरीच शिकवावे, ही कल्पना कानी पडली की आपल्याकडे दोन प्रकारची मते ऐकू येतात. काही जण म्हणतात, "वा! रवींद्रनाथांना तरी कुठे शाळा मानवली होती?" दुसरे म्हणतात, "ही सुखवस्तू माणसांची थेरं!" पहिल्यांचा उत्साह आणि दुसऱ्यांचा राग क्षणभर बाजूला ठेवून, कुरखेड्यासारख्या ठिकाणी चार मुलांना घरी शिकवताना प्रत्यक्षात काय घडते, तेवढेच मला सांगायचे आहे. चौघांपैकी तीन माझी, चौथा भाचा. थोरली तेराची, धाकटी सातची.

कुरखेडा हे गडचिरोली जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. जवळून सती नदी वाहते. भोवती साग, ऐन, मोह आणि बांबूचे रान, आणि रान संपते तिथे भाताच्या बांध्या. चार वर्गांची पुस्तके एका बाईने एकाच वेळी शिकवणे शक्य नाही, हे उघडच होते. म्हणून आम्ही विषयच असे घेतले की ज्यांत सातच्या मुलीलाही काम असावे आणि तेराच्या मुलीलाही. ते दोन निघाले. एक इतिहास, दुसरा सृष्टिनिरीक्षण. आणि पाहता पाहता ध्यानात आले की हे दोन नसून एकच आहेत.

चार राज्यांत राहिलेल्या आजी

इतिहासाचा प्रारंभ आम्ही शिवाजी महाराजांपासून केला नाही. शेजारच्या आजींपासून केला. नव्वदीच्या घरातल्या या आजी आयुष्यभर एकाच गावात राहिल्या. पण त्या जन्मल्या तेव्हा हा मुलूख मध्य प्रांत व वऱ्हाडात होता. १९५० मध्ये त्याचे मध्य प्रदेश झाले, १९५६ मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. जिल्हा आधी चांदा, मग चंद्रपूर, आणि २६ ऑगस्ट १९८२ पासून गडचिरोली. "म्हणजे आजी घर न सोडता चार राज्यांत राहिल्या!" असे मधला ओरडला, आणि सनावळी एकदम जिवंत झाली.

पडवीच्या भिंतीवर आम्ही चुन्याने एक लांब पट्टी ओढली. एक वीत म्हणजे पंचवीस वर्षे. आजींचा जन्म, तिच्या मागे १८५८, म्हणजे बाबुराव शेडमाक्यांना चांद्याला फाशी दिली ते वर्ष; त्याच्या मागे १८५४, नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले ते; आणि १७५१, चांद्याच्या गोंड राजांची सत्ता भोसल्यांकडे गेली ते. आईने-अकबरीत वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख आहे हे कळल्यावर मुलांनी पट्टी कोपऱ्यावरून वळवून दुसऱ्या भिंतीवर नेली. वैरागड तर आमच्या शेजारच्या आरमोरी तालुक्यातच! अकबराच्या दरबारात आपल्या शेजारगावाचे नाव घेतले जात होते, याचा अभिमान मुलांना कोणत्याही लढाईच्या वर्णनाने वाटला नसता एवढा वाटला.

मामा कोणाचा?

पण आमची खरी शाळा म्हणजे मामा तलाव. पूर्व विदर्भाबाहेरच्या वाचकाला हे नाव गमतीचे वाटेल. 'माजी मालगुजारी' या दोन शब्दांची आद्याक्षरे घेऊन हा मामा झाला आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत असे हजारो तलाव आहेत. पुष्कळसे कोहळी समाजाच्या लोकांनी बांधले. नवेगावबांधचा प्रचंड जलाशय अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधविला असे सांगतात. पुढे मालगुजारी आली, तलावांची देखरेख मालगुजारांकडे राहिली. १९५१ मध्ये मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. गावाने पाळीवर माती टाकायची, गाळ काढायचा, पाणी वाटून घ्यायचे, ही रीत मात्र हळूहळू विरत गेली.

हे सारे मी व्याख्यान देऊन सांगितले असते तर मुले दहा मिनिटांत पेंगली असती. आम्ही दोरी घेऊन पाळ मोजली. सलंग, म्हणजे जादा पाणी निघून जाण्याची वाट, कोठे आहे आणि तेथेच का, हे पाहिले. तुडुम, म्हणजे शेतीला पाणी सोडण्याची मोरी, कशी उघडते ते एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने दाखविले. थोरलीने क्षेत्रफळ काढले, भाच्याने नकाशा, मधल्याने खोली मोजण्यासाठी बांबूवर खुणा केल्या. धाकटीने काय केले? तिने विचारले, "बाबा, मासे तलावात कोणी आणून टाकले?"

त्या एका प्रश्नावर पावसाळ्याचा पहिला महिना गेला. ढिवर समाजाच्या एका काकांनी सांगितले की पहिल्या पुरात मासे सलंगाच्या उलट्या धारेने वर चढतात. मुलांनी ते डोळ्यांनी पाहिले. मग दुसरा प्रश्न आला. सलंगावर उंच भिंत घातली तर पाणी जास्त साठेल, पण मासा कोठून येईल? हा प्रश्न इतिहासाचा की विज्ञानाचा की अर्थशास्त्राचा, ते मला अजून ठरविता आलेले नाही.

एका मोहाची वही

सृष्टिनिरीक्षणासाठी शंभर झाडांची नावे पाठ करण्यापेक्षा एकच झाड वर्षभर पाहावे, असे आम्ही ठरविले. परसामागचा मोह निवडला. पाने कधी गळाली, कळी कधी आली, पहिले फूल कोणत्या तारखेला पडले, हे वहीत लिहायचे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे उठून फुले वेचायची, ओली तोलायची, वाळवून पुन्हा तोलायची. रात्री वटवाघळे का येतात, अस्वलाला मोह का आवडतो, जूनच्या सुमारास टोळ पिकल्यावर बियांचे तेल कसे काढतात, हे सगळे त्याच वहीत. फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात आणि कधीकधी तीच आग रानात पसरते, हेही त्यांनी लिहिले. त्याखाली भाच्याची टीप आहे: "जुनी लुगडी अंथरली तर?"

हा मार्ग काही आमचा शोध नव्हे. वर्ध्याजवळ सेवाग्रामला १९३७ नंतर नई तालीमचा प्रयोग झाला. डॉ. अभय बंग त्याच शाळेचे विद्यार्थी. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा नेली. आणि आमच्याच जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने मोठ्या माणसांचे अभ्यासगट चालविले. त्या गावाला २००९ मध्ये आपल्या जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, त्यामागे असा वर्षानुवर्षांचा अभ्यास होता.

शेजारणीचा प्रश्न

तरीही एके दिवशी शेजारच्या बाईंनी जे विचारले, ते मी विसरणार नाही. "बाई, आमी पोरायले शिकवाले वावर गहाण ठेवतो, अन् तुमी शिकलेले लोक पोरायले घरीच ठेवता?"

या प्रश्नाला चटकन देण्यासारखे उत्तर नाही. ज्या भागात मुले शाळेसाठी मैलोगणती चालतात, आई-बापांना सोडून आश्रमशाळेत राहतात, तेथे शाळा नाकारणे ही चैन दिसते. सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदाही पाल्याला शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य मानतो, जरी न घालणाऱ्याला शिक्षा सांगत नाही. तेव्हा आम्ही दोन गोष्टी ठरविल्या. रविवारी आणि सुटीत आमची वही, दुर्बीण, पुस्तके शेजारच्या सर्व मुलांना खुली. आणि ती मुले केवळ शिकायला येणार नाहीत, शिकवायलाही येतील. आज बांबूचे कोंब, पाखरांचे आवाज, गोंडी आणि छत्तीसगढी शब्द यांत माझी चारही मुले त्यांची शिष्य आहेत. त्या बाईंचा मुलगा नकाशे काढण्यात भाच्याच्या पुढे गेला आहे.

घरच्या शाळेच्या मर्यादाही सांगितल्याच पाहिजेत. रसायनशास्त्राला प्रयोगशाळा लागते. कबड्डीला सात गडी लागतात. आणि तेराव्या वर्षी मुलीला आईपेक्षा मैत्रिणी लागतात. सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसता येते, हे मी थोरलीला सांगितले. तिने शांतपणे उत्तर दिले, "आई, मला येत्या जूनपासून शाळेत जायचं आहे." क्षणभर मला वाईट वाटले, हे खरे. पण आपल्याला काय शिकायचे आहे आणि ते कोठे मिळेल, हे ज्या मुलीला स्वतः ठरविता आले, तिचे शिक्षण वाया गेले असे कोण म्हणेल? ती शाळेत जाणार आहे. मोहाची वही मात्र तिच्याकडेच राहणार आहे.

तुमची मुले शाळेत जात असतील तर खुशाल जाऊ द्या. पण आता दिवाळीची सुटी आहे. अंगणात मातीचा किल्ला करणारच असाल, तर यंदा आपल्या जवळचा किल्ला करा; आमची मुले वैरागड करतात. घराजवळचे एक झाड निवडा, गावातले एक जुने पाणी शोधा, आणि नव्वदीच्या एखाद्या आजीजवळ मुलांना तासभर बसवा. झाड आणि पाणी पुढच्या सुटीतही तिथेच असेल. आजींकडे मात्र याच सुटीत जा.