खिशातली साखर

मधुमेहाचे निदान झाले की घरातला साखरेचा डबा वरच्या फळीवर जातो. चहा बिनसाखरेचा होतो, सणावारी पानातले श्रीखंड चमचाभरावर येते, आणि डॉक्टर बजावून सांगतात, "रोज चाला, हातपाय हलवा, घाम गाळा." ह्या सूचना अगदी योग्य आहेत. परंतु ज्याने त्या खरोखर मनावर घेतल्या, जो आज टेकडी, उद्या गड असे करीत पुढे जाऊ लागला, किंवा सायकल घेऊन घाट चढू लागला, त्याच्यापुढे एक चमत्कारिक प्रश्न उभा राहतो. ज्याला साखर वर्ज्य, त्याला भर वाटेत साखर खावी लागते. आणि ती वेळेवर खाल्ली नाही, तर प्रसंग जिवावर बेतू शकतो. हे असे का व्हावे, आणि त्यावर उपाय काय, हे आज आपण पाहू.

प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक आहे, वैद्यकाचा नव्हे. तेव्हा औषध किती घ्यावे, किती कमी करावे, हे ज्याचे त्याने आपल्या डॉक्टरांनाच विचारावे. पण शरीरातील साखरेचा व्यवहार हा पुष्कळसा जमाखर्चाचा व्यवहार आहे, आणि तेवढा समजून घ्यायला वैद्यकाची पदवी लागत नाही.

प्रथम शिल्लक पाहू. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. निरोगी माणसाच्या ह्या सगळ्या रक्तात मिळून साखर किती असेल? चार-पाच ग्रॅम; म्हणजे चहाचा एक चमचा! ही झाली हातातली रोकड. ह्याखेरीज यकृतात सुमारे शंभर ग्रॅमची ठेव असते, आणि स्नायूंत तीनचारशे ग्रॅमची. मात्र ह्या दोन ठेवींत मोठा फरक आहे. यकृताची ठेव सर्वांसाठी असते; रक्तातली रोकड कमी झाली की यकृत त्यात भर घालते. स्नायूंची ठेव ही त्यांची खाजगी तिजोरी. तिच्यातून ते दुसऱ्याला दिडकीही देत नाहीत. इकडे मेंदूला विश्रांतीच्या वेळीसुद्धा तासाला पाचएक ग्रॅम साखर लागते, आणि त्याच्यापाशी स्वतःची अशी शिल्लक जवळजवळ नसते. रक्तातला तो एक चमचा ओसरला, की पहिला उपासमारीत सापडतो तो मेंदू.

आता चढण सुरू झाली असे समजा. मांड्यांचे, पोटऱ्यांचे स्नायू साखर ओढू लागतात. निरोगी माणसाचे स्वादुपिंड हे ताबडतोब ओळखते आणि इन्सुलिनचा पुरवठा आखडता घेते. इन्सुलिन कमी झाले की यकृताचे दार उघडते, खर्चाइतकी जमा होत राहते, आणि माणूस गप्पा मारीत गड चढतो. ज्याने सकाळी इन्सुलिनचे इंजेक्शन घेतले आहे त्याचे काय? टोचलेले इन्सुलिन परत घेता येत नाही. ते यकृताचे दार लावून धरते. त्यातच काम करणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीवाचूनही रक्तातली साखर आत घेऊ शकतो. म्हणजे जमेची बाजू बंद, आणि खर्चाला दोन तोंडे! ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड ह्यांसारख्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला भाग पाडतात, म्हणून त्या घेणाऱ्यांनाही हा धोका थोडाफार आहेच.

पण येथेच एक खुलासा करायला हवा. जे केवळ पथ्यावर आहेत, किंवा ज्यांना फक्त मेटफॉर्मिनची गोळी चालू आहे, त्यांची साखर चालण्याने अशी धोक्याइतकी सहसा उतरत नाही. त्यांनी ह्या लेखाचा आधार घेऊन वाटेत पेढे खाऊ नयेत. चालून मिळवलेले सगळे त्यात जायचे.

ही गोष्ट काही आज कळलेली नाही. टोरोंटो येथे १९२१ साली बँटिंग आणि बेस्ट ह्यांनी इन्सुलिन शोधले, आणि १९२२ च्या जानेवारीत ते प्रथम एका मधुमेही मुलाला टोचले गेले. पुढे दोनच वर्षांनी, १९२४ साली, अमेरिकेत बोस्टनच्या मॅरॅथॉन शर्यतीत काही डॉक्टरांनी धावून आलेल्यांचे रक्त तपासले. हे धावपटू धडधाकट, मधुमेहाचा त्यांना स्पर्शही नाही. तरी त्यांतील काहींची साखर फार खाली गेलेली आढळली. आणि जे पांढरेफटक पडले होते, ज्यांचे भान हरपल्यासारखे झाले होते, ते हेच. इन्सुलिन जास्त झालेल्या रोग्याची जी अवस्था, तीच ह्यांची! दुसऱ्या वर्षी, १९२५ साली, धावपटूंना आधी पिष्टमय आहार भरपूर घ्यायला सांगितले आणि धावता धावता खायला गोड गोळ्या दिल्या. ह्या वेळी साखर टिकली आणि माणसेही टवटवीत राहिली. मग १९२६ साली इंग्लंडमधील डॉ. रॉबिन लॉरेन्स ह्यांनी व्यायामाने इन्सुलिनचा परिणाम वाढतो हे दाखवून दिले. हे डॉक्टर स्वतः मधुमेही होते आणि इन्सुलिनवरच जगत होते.

तेव्हा मधुमेह म्हणजे खेळाला रामराम, असे कोणी समजू नये. वसीम अक्रमला १९९७ साली मधुमेह असल्याचे कळले. त्यानंतरही तो इन्सुलिन घेऊन वेगवान गोलंदाजी करीत राहिला, आणि २००३ च्या विश्वचषकात त्याने एकदिवसीय सामन्यांतला आपला पाचशेवा बळी घेतला. इंग्लंडचा नौकापटू स्टीव्ह रेडग्रेव्ह ह्यालाही १९९७ सालीच हा विकार झाला. त्याने २००० साली सिडनीला आपले पाचवे ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवले. प्रश्न खेळावे की नाही हा नाही. केव्हा, काय आणि किती खावे, हा आहे.

त्यासाठी आपल्या ओळखीचा सिंहगडच घेऊ. रविवारी पहाटे आतकरवाडीच्या वाटेने शेकडो पुणेकर गड चढतात. बेताच्या चालीच्या माणसाला तास-दीड तास लागतो. पुष्कळांचा बेत असा असतो, की रिकाम्या पोटी निघायचे, आणि वर गेल्यावर पिठले-भाकरी, कांदाभजी, मटक्यातले दही ह्यांवर ताव मारायचा. निरोगी माणसाला हे ठीक आहे. पण नेहमीप्रमाणे सकाळचे इन्सुलिन टोचून, न्याहारी मात्र गडावर ठेवून निघालेला मधुमेही माणूस स्वतःहून संकटाला आमंत्रण देत असतो.

त्याने काय करावे? आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारून त्या दिवसापुरते औषधाचे प्रमाण ठरवून घ्यावे. इंजेक्शन मांडीत न घेता पोटावर घ्यावे. चालत्या मांडीतून औषध लवकर भिनते. निघण्यापूर्वी वाटीभर पोहे किंवा उपमा खावा. पायथ्याशी एकदा साखर तपासावी. शंभर मिलिलिटर रक्तात सव्वाशे ते एकशेऐंशी मिलिग्रॅम साखर असली, तर खुशाल चालू लागावे. नव्वदच्या खाली असली, तर आधी दोन ते चार चमचे साखरेइतके गोड खावे आणि आकडा वर आल्यावरच पाऊल उचलावे. अडीचशेच्या वर असेल आणि मळमळ, पोटदुखी, फार तहान असे काही वाटत असेल, तर त्या दिवशी गड राहू द्यावा. इन्सुलिन कमी पडत असताना श्रम केले तर साखर उलट वाढते आणि रक्तात आम्ल साचते.

चढताना, इन्सुलिन घेणाऱ्याने तासाला साधारण तीस ग्रॅम पिष्टमय वा गोड पदार्थ पोटात जाईल असे पाहावे. श्रम फार लांबले तर हे प्रमाण साठ ग्रॅमपर्यंतही जाते. सोपे माप सांगायचे तर दर अर्ध्या तासाला तीन चमचे साखरेइतका खाऊ. मधल्या आकाराचे केळे म्हटले म्हणजे पंचवीसएक ग्रॅम आले. तेव्हा अर्ध्या तासाला अर्धे केळे पुरते. चारपाच ग्लुकोजची बिस्किटे, दोनतीन लहान खजूर, हेही चालते. भूक लागण्याची वाट पाहू नये. भूक कळते तोवर पुष्कळदा उशीर झालेला असतो.

आता खाऊ-खाऊतला भेद पाहा, कारण चूक होते ती नेमकी येथे. मूठभर शेंगदाणे पौष्टिक खरे. पण त्यांत साखर नाममात्र आणि तेल भरपूर. शेंगदाण्याच्या चिक्कीत गूळ आहे, तरी तेलामुळे तो पोटात सावकाश उतरतो. पिठले-भाकरीचेही तसेच. हे पदार्थ लांबच्या वाटचालीला उत्तम, परंतु साखर एकदम उतरली असता ते कामाचे नाहीत. घराला आग लागल्यावर विहीर खणण्यातला तो प्रकार. अशा वेळी ग्लुकोजची भुकटी, नुसती साखर, गूळ किंवा चांगले गोड लिंबू-सरबत हवे. वाटेत ताक मिळते, ते थंडावा देईल, साखर देणार नाही. आणखी एक बारकावा: ज्यांना अकार्बोज किंवा व्होग्लिबोज ही गोळी चालू आहे, त्यांच्या पोटात साधी साखर आणि गूळ लवकर फुटत नाहीत. त्यांनी ग्लुकोजच जवळ ठेवावे.

साखर उतरली हे ओळखावे कसे? घाम, धडधड, हातापायांना कंप, ही पुस्तकातली लक्षणे. पण गड चढताना घाम कोणाला येत नाही? छाती कोणाची धडधडत नाही? म्हणूनच डोंगरावर हा शत्रू नेहमीच्या थकव्याचे सोंग घेऊन येतो. सोबत्यांनी दुसऱ्या खुणांकडे लक्ष द्यावे. बोलका माणूस एकाएकी गप्प होतो, विचारले एक तर सांगतो दुसरेच, सरळ वाटेवर अडखळतो, उगाच चिडतो, "मला काही झालेलं नाही" म्हणून हट्ट धरतो. असे दिसताच थांबावे, बसावे, जमल्यास रक्त तपासावे. सत्तरच्या खाली आकडा, किंवा तपासायची सोय नसून नुसती शंका, तरीही तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज घ्यावे. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. सुधारणा नसेल तर पुन्हा तेवढेच. हल्ली दंडावर चिकटवायचे साखरमापक आले आहेत, पण भरभर बदलणारी साखर दाखवताना ते काही मिनिटे मागे राहतात. तेव्हा यंत्र बरे म्हणत असले आणि जीव घाबरा होत असला, तर जिवाचे ऐकावे.

माणूस बेशुद्ध झाला, गिळू शकत नसला, तर मात्र त्याच्या तोंडात काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. त्याला कुशीवर वळवावे, ग्लुकागॉनचे औषध जवळ असेल व देता येत असेल तर द्यावे, आणि १०८ ला फोन करावा.

गड उतरला म्हणजे सगळे संपले असेही नाही. रिकामी झालेली स्नायूंची तिजोरी पुढे कित्येक तास भरत राहते, आणि ती भरते रक्तातल्या साखरेतून. त्यामुळे दिवसा ठणठणीत असलेल्या माणसाची साखर रात्री झोपेत उतरू शकते. त्या रात्री जेवण टाळू नये, निजताना साखर तपासावी, कमी वाटली तर दूध-पोळीसारखे काही खाऊन निजावे, आणि घरच्यांना सांगून ठेवावे. त्याचप्रमाणे वाटेत साखर उतरली असेल, तर ती पूर्ववत झाल्यावरही पाऊण तास दुचाकी हाती घेऊ नये.

आता शेवटची गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. आपल्याकडे मधुमेह लपवण्याची रीत आहे. विशेषतः तरुण मंडळी, लग्नाची मुलेमुली, चारचौघांत हे बोलत नाहीत. बरोबरचे मागे राहिल्याबद्दल हसतील म्हणून मुकाट्याने चढत राहतात. उलट ज्यांना माहीत असते त्यांची तऱ्हा निराळी. ह्याने खिशातून साखरेची पुडी काढली, की काळजीपोटी कोणी म्हणतो, "अहो, तुम्हाला साखर चालत नाही ना? ठेवा ती!" आणि पुडी काढून घेतो. दोन्हीकडे हेतू वाईट नाही, पण परिणाम एकच होतो. म्हणून निघतानाच एका तरी सोबत्याला सरळ सांगावे, "मला मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे. मी असं असं वागायला लागलो तर मला बसवा आणि ह्या खिशातली साखर द्या." एवढे सांगायला अर्धे मिनिट पुरते.

आणि ती पुडी पाठीवरच्या पिशवीत, जेवणाच्या डब्याखाली ठेवू नका. पिशवी दुसऱ्याकडे जाते, मागे राहते. साखर अंगावरच्या खिशात, बटण लावून ठेवावी. आणि ती खायची वेळ आली तर पथ्य मोडले असे मनाला मुळीच लावून घेऊ नये. त्या घटकेला तेच तुमचे औषध आहे.