रेंज नसली तरी फोन फोनशी बोलतो

दसरा झाला की बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाकडे निघतात. फडावर एखाद्या गरोदर बाईला त्रास सुरू झाला, तर नव्या डॉक्टरांना तिचा रक्तगट, हिमोग्लोबिन, सोनोग्राफी काहीच ठाऊक नसते. कागदांचे फोटो नवऱ्याच्या फोनमध्ये, दवाखान्यात सोबत निघाली जाऊ, आणि कोपीवर रेंज नाही. अशा वेळी फोटो पाठवायचे कसे?

त्यासाठी इंटरनेट लागतेच असे नाही. ब्लूटूथ आणि वायफाय यांच्या रेडिओलहरींवर जवळचे दोन फोन टॉवरशिवाय थेट जोडले जातात. अशा तात्पुरत्या जाळ्याला ‘ॲड हॉक नेटवर्क’ म्हणतात.

यात कोणाकडे काय आहे याची यादी ठेवणारा मध्यस्थ नसतो. मग फोन एकमेकांना शोधतात कसे? आठवडी बाजार आठवा. विकणारा हाळी देतो, नाहीतर गिऱ्हाईक विचारत फिरते. फोनही थोड्या थोड्या वेळाने ‘मी इथे आहे, फाइल घेऊ शकतो’ किंवा ‘माझ्याकडे इंटरनेट आहे’ असा छोटा संदेश सोडतो. दुसरा तो ऐकतो, मग जोडणी होते. सारखी हाळी दिली तर बॅटरी लवकर संपते. फार कमी दिली तर शेजाऱ्यालाही पत्ता लागत नाही. यातला मेळ घालण्यासाठी कमी वीज खाणारे ब्लूटूथ आले.

आपण हे तंत्र करोनाकाळात वापरले आहे. २ एप्रिल २०२० रोजी आलेल्या ‘आरोग्य सेतू’ ॲपमध्ये जवळ आलेले फोन ब्लूटूथवरून एकमेकांची नोंद घेत. पुढे बाधिताच्या संपर्कातील लोकांना कळवायला मात्र इंटरनेटच लागे. या तंत्राची मर्यादाही हीच आहे. फोन साधारण दहा-वीस पावलांवर असले तरच काम खात्रीने होते. दूरच्या डॉक्टरांना सल्ला विचारायचा तर रेंज शोधावीच लागते.

म्हणून गाव सोडण्यापूर्वीच तयारी करावी. माता व बाल संरक्षण कार्ड, रक्ताचे अहवाल आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी यांचे स्वच्छ फोटो काढून टोळीतल्या विश्वासातल्या दोन माणसांच्या फोनमध्ये ठेवावेत. अँड्रॉइड फोनवर ‘क्विक शेअर’ किंवा साधे ब्लूटूथ यासाठी पुरते. एकदा घरीच, इंटरनेट बंद ठेवून, पाठवून पाहावे.

हाळी मात्र सगळ्या बाजाराला ऐकू जाते. काम झाले की ‘सर्वांकडून स्वीकारा’ ही सोय बंद करावी आणि अनोळखी फोनची फाइल घेऊ नये. आजाराची माहिती खासगी असते. ती बाईला विचारूनच द्यावी. मूळ कागदही प्लॅस्टिकच्या पिशवीत सोबत असू द्यावेत, कारण फोनची बॅटरी नेमकी नडीच्या वेळी संपते.