क्षारपड जमिनीचे रसायन

नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८५ च्या सुमारास वाहू लागले. १८७६-७७ च्या दुष्काळात होरपळलेल्या बारामती-इंदापूरच्या मुलखास ते वरदानच ठरले. परंतु त्या वरदानामागून एक उपद्रवही आला. सखल रानांतून क्षार फुटू लागले, आणि १९१० साली पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन व त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातील क्षारजमिनींवर स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध केली. त्यास शंभरांहून अधिक वर्षे लोटली, तरी उपद्रव संपलेला नाही. वरकुट्यापासून नीरेच्या काठापर्यंतच्या या टापूत ज्याची काळी, सखल, बागाईत जमीन आहे, त्याने या विषयाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. एकदा का जमीन बिघडली, की गावदप्तरात तिच्यापुढे 'पड' एवढाच शब्द लिहिला जातो. तिला काय झाले हे दप्तर सांगत नाही. ते रसायनशास्त्र सांगते.

आपली मुले जीवशास्त्र शिकू लागतात तेव्हा त्यांस आरंभी रसायनाचे काही पाठ दिले जातात. वनस्पतीचे जीवन समजण्यास पाणी, क्षार व आम्ल यांचे धर्म आधी समजावे लागतात. तेच पाठ शेतकऱ्यासही उपयोगी आहेत.

पहिला पाठ क्षारांचा. मीठ पाण्यात विरघळते म्हणजे नाहीसे होते असे नव्हे. त्याचे दोन प्रकारचे सूक्ष्म कण सुटे होतात: सोडियमचा कण धन विद्युत्भाराचा, क्लोराइडचा ऋण भाराचा. विहिरीच्या गोड वाटणाऱ्या पाण्यातही असे कण थोडेबहुत असतातच. एका एकरावर एक इंच पाणी उभे केले तर ते सुमारे १,०२,८०० लिटर भरते. दर लिटरमागे अर्धा ग्रॅम क्षार धरला, तर एका इंचाबरोबर ५१ किलो क्षार रानात येतात. उसाला वर्षभरात असे ८० इंच पाणी दिले असे समजा. चार टनांहून अधिक क्षार एकरात उतरले! पाणी ऊन घेऊन जाते, काही पीक पिते. क्षार बहुतेक तेथेच राहतात. शिवाय जमिनीखालील पाण्याची पातळी वर आली, की दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे ते पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून वर चढते व क्षार पृष्ठभागी टाकून उडून जाते.

दुसरा पाठ मुळांच्या तहानेचा. कैरीच्या फोडींस मीठ लावले की त्यांस पाणी सुटते, हे प्रत्येक घरी ठाऊक आहे. पेशीच्या पातळ पडद्यातून पाणी नेहमी कमी क्षारांच्या बाजूकडून अधिक क्षारांच्या बाजूकडे जाते. निरोगी जमिनीत मुळाच्या आत विरघळलेले पदार्थ अधिक, म्हणून पाणी आत शिरते. मातीतील क्षार वाढले की ही ओढ मंदावते, आणि पायाखाली चिखल असूनही पीक तहानेने कोमेजते. अशा वेळी शेतकरी पाणी कमी पडले असे समजून आणखी पाणी देतो, आणि निचरा नसेल तर रोग वाढवितो.

तिसरा पाठ सर्वांत महत्त्वाचा. चिकणमातीचे कण ऋण भाराचे असतात, म्हणून ते धन भाराचे कण धरून ठेवतात. कॅल्शियमवर दोन भार असतात. तो मातीच्या कणांस जवळ आणून त्यांचे रवाळ ढेकूळ करतो. सोडियमवर एकच भार. त्याचा जोर झाला की कण परस्परांपासून सुटतात, छिद्रे बुजतात, पाणी मुरत नाही. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरविली की गाळ खाली बसतो, तो तुरटीतील अॅल्युमिनियमच्या तीन भारांमुळे. सोडियम नेमके याच्या उलट करतो.

म्हणून पांढरी फुटलेली क्षारयुक्त जमीन व सोडियमने घट्ट झालेली चोपण जमीन हे दोन निराळे रोग होत. पहिल्यात चर काढून, चांगले पाणी देऊन क्षार धुवून काढावेत. दुसऱ्यात नुसते पाणी सोडले तर ते वरच साचून राहते. आणि दोन्ही रोग एकत्र असतील तेथे नुसत्या धुण्याने क्षार जातात, सोडियम मागे राहतो व जमीन पूर्वीपेक्षा चिवट होते.

हा भेद ओळखण्यास 'सामू' उपयोगी पडतो. सामू ७ म्हणजे उदासीन. त्याखाली आम्ल, त्यावर अल्क. प्रत्येक अंकास दहापट फरक पडतो. सामू ९ असलेली माती ८ च्या मातीहून दहापट अल्क असते. साडेआठांच्या वर सामू गेला की चोपणाची शंका घ्यावी. अशा मातीत लोह व जस्त असूनही विरघळत नाही, आणि उसाची कोवळी पाने शिरांमधून पिवळी पडतात.

चोपणावर औषध जिप्समचे. त्यातील एक कॅल्शियम दोन सोडियमांस मातीवरून हुसकावतो. अणुभारांचा हिशेब मांडला तर शुद्ध जिप्समचे १७२ भाग सोडियमचे ४६ भाग सोडवितात. ज्या जमिनीत चुनखडी भरपूर आहे तेथे गंधकही चालते. मातीतील जिवाणू गंधकाचे आम्ल करतात व ते आम्ल चुनखडीतून कॅल्शियम मोकळा करते. ३२ किलो गंधक १७२ किलो जिप्समचे काम करू शकते. मात्र जिवाणूंस ओल, हवा व काही महिन्यांचा अवधी लागतो. सुटलेला सोडियम शेताबाहेर जाण्यास वाट नसेल, तर दोन्ही खर्च व्यर्थ जातात. चर आधी, औषध मागून, हा क्रम सोडू नये.

तेव्हा जिप्समची पोती विकत आणण्यापूर्वी माती तपासून घ्यावी. बिघडलेल्या पट्ट्यातील व चांगल्या पट्ट्यातील नमुने निरनिराळे ठेवावेत. वरच्या एक फुटाचे व त्याखालील एक फुटाचेही मिसळू नयेत. विहिरीचे पाणीही बाटलीत भरून द्यावे. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात अशी तपासणी होते. अहवालात सामू, विद्राव्य क्षार, विनिमययोग्य सोडियम व चुनखडी हे चार आकडे आवर्जून मागावेत. पंधरा टक्क्यांहून अधिक सोडियम मातीने धरला असेल, तर जमीन चोपण समजावी.

वडिलार्जित जमीन सातबाऱ्यावर आपल्या नावे लागते, ती तशीच पुढच्या पिढीच्या नावे लावून द्यावयाची असते. ती पिकती ठेवून द्यावयाची की 'पड' करून, हे या चार आकड्यांकडे आपण किती लक्ष देतो यावर पुष्कळसे अवलंबून आहे.