शिवलेला खांदा

दंडाच्या हाडाचे वाटोळे डोके खांद्याच्या उथळ खोबणीत बसते. त्यामुळे हात सर्व दिशांना फिरतो; परंतु सांधा स्थिर राखण्याचा भार भोवतालच्या चार स्नायूंवर पडतो. त्यांच्या कंडरांचे वेष्टन म्हणजेच ‘रोटेटर कफ’. पडल्याने किंवा उतारवयातील झिजेने ही कंडरा फाटते. प्रत्येक वेळी शस्त्रक्रिया करावी लागतेच असे नाही; पुष्कळांना व्यायामानेच आराम पडतो.

शस्त्रक्रियेत सुटलेली कंडरा टाक्यांनी हाडाशी पुन्हा बांधली जाते. टाके तिला केवळ धरून ठेवतात. हाडाशी तिची पकड बसण्यास सुमारे १२ आठवडे लागतात. वेदना मात्र बहुधा त्याआधीच ओसरते, आणि खरा धोका तेथेच आहे. दुखत नाही म्हणून पाण्याची बादली उचलली, फळ्याच्या वरच्या कडेपर्यंत लिहिले, तर कंडरा पुन्हा सुटू शकते.

म्हणून सामान्यतः ४ ते ६ आठवडे हात झोळीत ठेवतात. बोटे व मनगट मात्र हलवीत राहावे. खांदा अगदी अचल राहिला तर आखडतो. यास्तव तज्ज्ञांच्या सल्ल्याने, पुढे वाकून सैल हात लंबकासारखा झुलविण्याचा व्यायाम दिला जातो. बोस्टनचे शल्यविशारद कॉडमन यांच्या नावाने तो ओळखला जातो. वजनाचे व्यायाम साधारणतः तिसऱ्या महिन्यानंतरच. तंबाखू वर्ज्य करावी. धूम्रपानाने कंडरा जुळण्यास विलंब लागतो.

टेबलावरचे काम काही आठवड्यांत सुरू करता येते. नांगर धरणाऱ्यास किंवा हमालास मात्र सहा महिनेही अपुरे पडू शकतात. रजेचा अर्ज हाती आल्यावर अधिकाऱ्यांनी हा फरक ध्यानी घ्यावा.